आत्याच सासू, मग दमा कुणाच्या माहेरचा?

प्रश्न: मी 29 वर्षांची आहे. निपाणीजवळच्या गावात राहते. माझं लग्न आत्याच्या मुलाशी झालंय. थोरला मुलगा 6 वर्षांचा. पावसाळा लागला की त्याची छाती वाजते, रात्री खोकून खोकून जागा होतो. डॉक्टरांनी दमा सांगून चार महिन्यांपूर्वी रोजचा इन्हेलर सुरू केलाय. मलाही लहानपणी दम लागायचा. आता मृगाचा पाऊस लागला की निळा इन्हेलर कधीमधी घेते. आमचे आजोबा तंबाखूच्या वखारीत कामाला होते, ते दम्यानंच गेले. घरात बोलणं ऐकावं लागतं की हा दमा तुझ्या माहेरचा. आता मला चौथा महिना आहे. दुसऱ्या बाळालाही दमा होणार का? मोबाइलवर एक जनुक तपासणीचं पॅकेज बघितलं, ते करू का? दमा एपिजेनेटिक असतो, तो तीन पिढ्या जातो, असंही वाचलं. गरोदरपणात इन्हेलर बंद करावा असं सगळे म्हणतात. सकाळी मिसरी लावायची सवय मलाही आहे, सासूबाई ती घरातच भाजतात. नवरा बिडी ओढतो, पण अंगणात.

उत्तर:

ताई, आधी बोलण्याचा विषय मिटवू. तुमची सासू तुमची आत्या आहे. म्हणजे ज्या आजोबांचा दमा ‘तुझ्या माहेरचा’ म्हणून दाखवला जातो, ते आत्यांचे स्वतःचे वडील. त्यांच्या जनुकांतला सरासरी चौथा हिस्सा तुमच्यात आला, तसाच चौथा हिस्सा तुमच्या नवऱ्यातही आला. ही वाटणी सारखीच झालेली आहे. त्यामुळे मुलाला आजोबांकडून काही आलंच असेल, तर ते तुमच्याकडून जितकं, तितकंच नवऱ्याकडूनही येऊ शकतं.

पण आजोबांना खरंच दमा होता का, हे आधी विचारा. आपल्याकडे धाप लागणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला दमेकरी म्हणतात. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळताना उडणारी धूळ आणि वर बिडी, अशी पंचवीस-तीस वर्षं काढलेल्या माणसाला सीओपीडी होऊ शकतो. हा निराळा आजार आहे. त्यात श्वासनळ्या हळूहळू कायमच्या आकसतात. आत्यांना दोनच गोष्टी विचारा. धाप लहानपणापासून होती की चाळिशी-पन्नाशीनंतर लागली? मधे काही महिने आजोबा अगदी ठणठणीत असायचे, की धाप वर्षागणिक वाढतच गेली? उशिरा लागलेली आणि वाढतच गेलेली धाप असेल, तर तो बहुतेक वखारीचा आजार, घराण्याचा नव्हे. डॉक्टरांकडे ‘आजोबांना दमा’ एवढंच न सांगता ही उत्तरं सांगा. नाक-शिंका, अंगावर खाज येऊन उठणारा इसब, लहानपणची धाप, हे दोन्हीकडच्या सख्ख्या माणसांत कुणाला आहे तेही लिहून न्या. खाज आणि नाकाची ॲलर्जी ही दम्याची भावंडंच आहेत.

आता तुमचा वाटा. तुम्हाला स्वतःला लहानपणी दम लागायचा आणि अजून लागतो, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाला दमा आहे, असंच धरावं लागतं. भारतातल्या पाहण्यांत शाळकरी मुलांमध्ये चालू दम्याची लक्षणं साधारण 3 ते 4 टक्क्यांना आढळतात. आई किंवा वडिलांपैकी एकाला दमा असेल तर ढोबळ मानानं चारांत एक मूल, दोघांनाही असेल तर दोघांत एक, असे आकडे सांगितले जातात. ते मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले आहेत, तिथे मुळातच दमा जास्त, म्हणून ते वरची मर्यादा समजा. उलट बाजूनं वाचलं तर तुमच्या दुसऱ्या बाळाला दमा न होण्याचीच शक्यता मोठी आहे.

वडिलांपेक्षा आईच्या दम्यानं धोका थोडा जास्त वाढतो, हे खरं आहे. मात्र त्याचा अर्थ आईचं रक्त जास्त वाईट असा लावू नका. आई नऊ महिने बाळाची हवा असते. तिचा दमा आटोक्यात नसेल, ती तंबाखू लावत असेल, तर त्याचा परिणाम जनुकांच्या वाटणीत मोजला जात नाही, पण बाळावर होतो. हा भाग तुमच्या हातातला आहे, म्हणून त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

दमा एका जनुकाचा आजार नाही. 2007 मध्ये 17व्या गुणसूत्रावर एक जागा सापडली. ओआरएमडीएल-3 आणि जीएसडीएमबी ही जनुकं तिथे शेजारी शेजारी आहेत, आणि लहानपणी सुरू होणाऱ्या दम्याशी त्या जागेचा संबंध पुढे वारंवार सिद्ध झाला. त्यानंतर अशा शंभरहून जास्त जागा मिळाल्या. काही श्वासनळीच्या अस्तराशी संबंधित, काही ॲलर्जीच्या पेशींना हाक मारणाऱ्या आयएल-33, टीएसएलपी अशा रसायनांच्या. प्रत्येक जागा धोका थोडासाच वाढवते, आणि ती ज्यांना जन्मात दमा झाला नाही अशा असंख्य लोकांतही असते. एकसारख्या जुळ्यांची जनुकं तंतोतंत सारखी असतात, तरी एकाला दमा आणि दुसऱ्याला नाही, अशा जोड्या भरपूर आहेत. जुळ्यांच्या अभ्यासातून दम्याची आनुवंशिकता बहुतेक वेळा 60 ते 70 टक्क्यांच्या आसपास निघते. हा आकडा नेहमी चुकीचा वाचला जातो. बाळाला दमा होण्याची शक्यता 60 टक्के, असा त्याचा अर्थ नाही. समाजात कुणाला दमा होतो आणि कुणाला होत नाही, या फरकाचा किती भाग जनुकांतल्या फरकानं उलगडतो, एवढंच तो सांगतो.

म्हणून ते पॅकेज घेऊ नका. अहवालात ‘धोका मध्यम’ किंवा ‘जास्त’ असं काहीतरी येईल, आणि त्यानं मुलाचं औषधही बदलणार नाही, बाळाची काळजीही. शिवाय हे हिशेब प्रामुख्यानं युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बसवलेले असतात. तोच पैसा मुलाच्या स्पायरोमेट्रीवर, म्हणजे फुंकून श्वास मोजण्याच्या तपासणीवर, खर्च करा, बेळगाव किंवा कोल्हापूरला ती सहज होते. सहा वर्षांचं मूल नीट समजावलं तर जोरात फुंकू शकतं. आधी फुंकायचं, मग सालब्युटामॉलचे, म्हणजे निळ्या इन्हेलरमधल्या औषधाचे, 4 फवारे, 15 मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदातली हवा 12 टक्क्यांहून जास्त वाढली तर दम्याला बळकट पुरावा. तपासणीआधी 4 तास निळा इन्हेलर टाळायचा, पण धाप लागली तर द्यायचाच. रोजचा इन्हेलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. मुलगा चार महिने औषधावर आहे, त्यामुळे तपासणी नॉर्मल आली तरी दमा नव्हता असं ठरत नाही. सोबत रक्तातल्या इओसिनोफिलची, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पेशींची, मोजणी पुरे.

नात्यातल्या लग्नाचा मुद्दा मात्र वेगळ्या जागी महत्त्वाचा आहे. आते-मामे भावंडांच्या लग्नात दम्याची भीती फारशी नसते. भीती असते ती दोन्हीकडून एकच बिघडलेली प्रत आली तरच होणाऱ्या आजारांची. त्यांतला सिस्टिक फायब्रोसिस सुरुवातीला दम्यासारखाच दिसतो. मुलाला बारा महिने ओला, बेडका असलेला खोकला असेल, वजन वाढत नसेल, शौच तेलकट आणि घाण वासाची होत असेल, पापा घेताना कातडी खारट लागत असेल, बोटांची टोकं फुगीर झाली असतील किंवा न्युमोनिया वारंवार होत असेल, तर डॉक्टरांना घामातल्या क्लोराइडची तपासणी सुचवा. 60 किंवा त्याहून जास्त आकडा आला तर हा आजार असण्याची दाट शक्यता असते, आणि जनुक तपासणीला तिथे खरा अर्थ आहे. तुमच्या पत्रातला मुलगा पावसाळ्यात त्रासतो आणि एरवी बरा असतो असं दिसतं. तसं असेल तर ही यादी वाचून सोडून द्या.

एपिजेनेटिक्सकडे येऊ. शेतकऱ्याच्या घरात हे समजावणं सोपं आहे. तुमच्या जमिनीचा सर्व्हे नंबर बदलत नाही, पण पहाणीच्या उताऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो, कर्ज फिटलं की उतरतो. जनुक म्हणजे सर्व्हे नंबर. त्यावर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट बसतात किंवा निघतात, आणि त्यावरून पेशी ठरवते की हे जनुक किती वाचायचं. जमीन तीच राहते, नोंद बदलते. धूर, तंबाखू, लहानपणचे विषाणू, घरातली धूळ, या सगळ्यांच्या नोंदी अशा होतात.

आई गरोदरपणी धूम्रपान करत असेल तर बाळाच्या नाळेच्या रक्तात एएचआरआर नावाच्या जनुकावरचे मिथाइल गट कमी झालेले दिसतात. धुरातल्या विषांना शरीर कसं तोंड देतं, याच्याशी हे जनुक जोडलेलं आहे. अशा काही नोंदी मूल शाळेत जाईपर्यंत टिकतात. 2008 च्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. 17व्या गुणसूत्रावरच्या त्या जागेचा धोका, ज्या मुलांना लहानपणी घरात तंबाखूचा धूर मिळाला त्यांच्यात जास्त ठळक होता. म्हणजे वारसा मिळाला, तरी तो किती वसूल होणार हे घरातली हवा ठरवते.

तीन पिढ्यांचं म्हणाल, तर अर्धं खरं आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची स्त्रीबीजं तयार झालेली असतात. त्यामुळे आजीनं गरोदरपणी ओढलेल्या तंबाखूचा मारा एकाच वेळी मुलीवर आणि उद्याच्या नातवंडाच्या बीजावर पडतो. काही अभ्यासांत आजीचं धूम्रपान आणि नातवंडाचा दमा यांचा संबंध दिसलाही आहे. वडिलांनी पंधराव्या वर्षाआधी सिगारेट धरली असेल तर त्यांच्या मुलांत दमा जास्त आढळतो, हेही युरोपातल्या पाहण्यांत आलंय. घरातल्या पोरांच्या हाती गुटखा-बिडी लागू न देण्याचं हे एक जास्तीचं कारण. पण उताऱ्याची उपमा इथे मोडते. जमिनीचा बोजा वारसावर जसाच्या तसा येतो. पेशीत तसं होत नाही. शुक्रबीज आणि स्त्रीबीज घडताना आणि पुन्हा गर्भ धरल्यावर लगेच, अशा दोन वेळा बहुतेक नोंदी पुसल्या जातात. थोड्या निसटतात. माणसांमध्ये दमा अशा निसटलेल्या नोंदींमधूनच पिढ्यानपिढ्या उतरतो, असं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे ‘तीन पिढ्यांचा शाप’ असं कुणी लिहिलं असेल तर ते पुढे पाठवू नका.

गोठ्याबद्दल दोन शब्द, कारण उलट टोकाची अफवाही फिरते. अमेरिकेतले आमिश आणि हटराइट हे दोन शेतकरी समाज वंशानं जवळचे. 2016 च्या अभ्यासात आमिश मुलांत दमा सुमारे 5 टक्के, हटराइट मुलांत 21 टक्के होता. आमिशांची गुरं-घोडी घराशेजारी असतात आणि पोरं तिथेच वाढतात, हटराइटांची शेती मोठी आणि यंत्रांची, घरापासून लांब. गुरांच्या धुळीतले जंतूंचे अंश लहान वयात प्रतिकारशक्तीला वळण लावतात, असा त्याचा अर्थ. म्हणून गोठा हलवू नका, तुम्ही गोठ्यात जायलाही हरकत नाही. फक्त डासांसाठी शेणीची धुरी करतात तेव्हा तुम्ही आणि मुलगा तिथे नको, आणि कडबा-भुसकट झाडताना तर मुलगा अजिबात नको. एकदा दमा जडला की तीच धूळ औषध राहत नाही, ती दमा उठवते.

आता हातातलं काम. सर्वांत आधी मिसरी. ती ओढायची नसते म्हणून लोक तिला निरुपद्रवी समजतात. हिरडीतून निकोटीन रक्तात जातं, नाळेतून बाळाकडे जातं आणि वाढत्या फुप्फुसांच्या आड येतं. बाळाचं वजनही कमी भरतं. अचानक सोडली की तीन-चार दिवस चिडचिड, डोकेदुखी, पोट साफ न होणं असं होईल, त्यानंतर ओढ कमी होत जाते. सकाळची वेळ मोडायला आधी ब्रश आणि मग तोंडात लवंग किंवा भाजलेली बडीशेप. मन घसरू लागलं तर 1800-112-356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. निकोटीनचा पॅच किंवा च्युइंगगम मात्र गरोदरपणात डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नको.

आत्यांना मिसरी सोडायला लावणं एका पत्रात होणार नाही. तव्यावर तंबाखू भाजताना उठणारा धूर मात्र घराबाहेर जाऊ शकतो. भाजणं परड्यात, वारा घराकडे नसेल तेव्हा. नवऱ्याची अंगणातली बिडी घरातल्या बिडीपेक्षा बरी, पण ओढून लगेच मुलाला जवळ घेतलं तर श्वासातून आणि शर्टातून उरलेला धूर येतोच.

स्वयंपाक गॅसवर आणि आंघोळीचं पाणी मात्र चुलीवर, अशी कितीतरी घरं आहेत. तुमच्याकडे तसं असेल तर रोजचा सर्वांत मोठा धूर तोच. बंब किंवा चूल माजघराच्या भिंतीला लागून नको. गॅसचा गिझर घेतला तर यंत्र न्हाणीघराच्या बाहेरच बसवा, आत बसवलेल्या गिझरच्या वायूनं माणसं बेशुद्ध पडून दगावतात.

इन्हेलर बंद करा, हा तुम्हाला मिळालेला सर्वांत वाईट सल्ला आहे. गरोदरपणात साधारण एक तृतीयांश बायकांचा दमा बळावतो, एक तृतीयांशांचा कमी होतो, बाकीच्यांचा तसाच राहतो. धाप लागली की बाळाचाच ऑक्सिजन तुटतो. वेळेआधी प्रसूती आणि कमी वजन यांचा धोका न आटोपलेल्या दम्यानं वाढतो. ब्युडेसोनाइड (सूज कमी करणारं इन्हेलरमधलं स्टेरॉइड) आणि सालब्युटामॉल यांचा गरोदरपणातला अनुभव भरपूर आणि चांगला आहे. उलट, फक्त निळ्या इन्हेलरवर भागवणं दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात 2019 पासूनच बाद झालंय. तो नळी तेवढ्यापुरती उघडतो, आतली सूज तशीच ठेवतो. डॉक्टरांना सांगा की पावसाळाभर तुम्हाला लागतो, आणि ब्युडेसोनाइड-फॉरमोटेरॉल एकत्र असलेला इन्हेलर चालेल का ते विचारा. आठवड्यात दोनदापेक्षा जास्त गरज पडली किंवा दम्यानं रात्री जाग आली, तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. फ्लूची लस गरोदरपणात घेता येते, घ्या.

मुलाचं औषध रोज चालू असून रात्रीचा खोकला थांबला नसेल, तर दोष बहुधा औषधाचा नाही, घेण्याच्या पद्धतीचा असतो. स्पेसर, म्हणजे इन्हेलरला लावायची प्लास्टिकची पोकळ नळी, हवाच. इन्हेलर हलवायचा, स्पेसरला लावायचा, मुलाच्या ओठांत तोंडाचा भाग घट्ट, मग एकच फवारा आणि पाच-सहा सावकाश श्वास. अर्ध्या मिनिटानं पुन्हा हलवून दुसरा. दोन फवारे एकदम मारले की थेंब एकमेकांना चिकटून स्पेसरच्या भिंतीवरच बसतात. शेवटी चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून निथळत वाळवा, पदरानं पुसू नका. पुसल्यानं प्लास्टिकवर वीज साठते आणि औषध तिथेच चिकटतं. डब्यावर मात्रांचा आकडा असतो. 200 असतील आणि रोज 4 लागत असतील तर 50 दिवसांत औषध संपलं, पुढे फुसफुस आवाज आला तरी तो नुसता वायू. सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहा.

रोजच्या इन्हेलरमधल्या स्टेरॉइडनं उंची खुंटते म्हणतात. लहानपणी वर्षानुवर्षं घेतलेल्यांच्या मोठेपणीच्या उंचीत फरक साधारण 1 सेंटिमीटरचा आढळला आहे. वारंवार दमा उठून पोटात घ्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्यांपुढे हा सौदा स्वस्त आहे. आणि ‘बिनस्टेरॉइडची’ म्हणून मिळणाऱ्या बेनावी पुड्या देऊ नका, अशा पुड्यांत स्टेरॉइडच कुटून घातलेलं सापडलं आहे. मृगाला हैदराबादला जाऊन मासा गिळल्यानं दमा जात नाही. रांगेत जाण्यापेक्षाही, गेला असं समजून इन्हेलर थांबवणं हा त्यातला खरा धोका.

पावसाळ्यात वाकळ काढू नका. जुन्या कापडांच्या थरांत धुळीतले सूक्ष्म किडे मजेत राहतात. उन्हात टाकलं की किडे मरतात, पण ॲलर्जी करणारी त्यांची विष्ठा तिथेच उरते, ती धुण्यानंच जाते. एवढी जड वाकळ दर आठवड्याला कढत पाण्यात कोण धुणार? म्हणून मुलाला सुती चादरी द्या, दोन-तीन, आणि त्या आठवड्याला धुवा.

तुमची प्रसूती नोव्हेंबर-डिसेंबरात येईल. तेव्हा ऊसतोड चालू, पाचट पेटलेलं आणि गुऱ्हाळं सुरू असतील. बाळंतिणीची खोली आत्तापासून ठरवा, फडाच्या बाजूला खिडकी नसलेली. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि बाळाला धुरी देण्याची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती या बाळापुरती राहू द्या, गरम पाण्यानं शेक पुरतो. सहा महिने नुसतं अंगावरचं दूध दिल्यानं पहिल्या वर्षांतली छातीची घरघर कमी होते.

आणि मुलासाठी एक कागद फळीवर चिकटवून ठेवा: धाप लागली तर निळ्या इन्हेलरचे 4 फवारे, स्पेसरमधून, एकेक करून. 20 मिनिटांत आराम नाही तर पुन्हा 4, आणि त्याच वेळी गाडी काढायची. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर 20 मिनिटं थांबायचं नाही, 108 ला फोन करायचा आणि वाटेतही फवारे चालू ठेवायचे. कागद मोठ्या अक्षरात लिहा. तुम्ही दवाखान्यात असाल तेव्हा तो आत्यांनाच वाचावा लागणार आहे.